पचमढीचें मैदान आणि आजोबांचा चेंडू

वऱ्हाडांतील घरांत ‘यंदा महादेवाला जायचें आहे’ असें कोणी म्हटलें, कीं कोणत्या महादेवाला, हें विचारावें लागत नाहीं. गांवोगांवीं शंकराचीं देवळें पुष्कळ असलीं, तरी ‘महादेव’ म्हणजे सातपुड्याच्या ऐन पोटांत, पचमढीजवळच्या गुहेंत बसलेला महादेव, हें येथील लहान मुलासहि ठाऊक असतें. महाशिवरात्रीस आणि नागपंचमीस आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतून, अमरावतीहून, नागपुराकडून माणसांच्या रांगा तिकडे लागतात. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढणारे शेतकरी आम्हीं लहानपणापासून पाहिले आहेत. अशा ठिकाणीं आम्ही गेल्या मार्गशीर्षांत सहकुटुंब गेलों, यांत सांगण्यासारखें कांहीं नव्हतें. सांगण्यासारखें एवढेंच, कीं या खेपेस आम्ही महादेवाच्या आधीं गोल्फच्या मैदानावर गेलों. आणि तेंहि आमच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्रींच्या आग्रहावरून!

वाचकांस याचें नवल वाटेल. म्हणून आधीं थोडी घरची हकीकत सांगितली पाहिजे.

आमचे आजोबा नागपुरास सचिवालयांत कारकून होते. वऱ्हाड १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला, तेव्हांपासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत यवतमाळ आणि पचमढी हीं दोन्ही गांवें एकाच राज्यकारभाराखालीं होतीं. पचमढी ही त्या प्रांताची उन्हाळ्यांतील राजधानी. नागपूर तापूं लागलें, कीं साहेबलोक डोंगरावर जात. साहेबांमागून दप्तरें जात, आणि दप्तरांमागून कारकून जात. आजोबा इटारसीवरून पिपरियास उतरत आणि तेथून घाट चढून वर पोंचत. पावसाळा लागला म्हणजे मंडळी खालीं येई, आणि मग चार दिवसांच्या रजेवर आजोबा मूर्तिजापुराहून ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या गाडीनें डुलत डुलत यवतमाळास घरीं येत. ती गाडी आतां धावत नाहीं. पण तिच्या वेगाच्या गोष्टी आमच्या घरांत अजून चालतात.

आजोबा फार चोख मनुष्य. कचेरींतील टांचणी घरच्या कागदास लावली, म्हणून त्यांनीं आमच्या वडिलांस एकदां उपाशीं ठेवलें होतें. असा हा मनुष्य. आणि त्यांच्या फडताळांत एका पितळी डबींत एक जुना, पिवळट पडलेला गोल्फचा चेंडू होता. लहानपणीं आम्हीं तो खेळावयास मागितला, तर आजोबा एवढेंच म्हणत, “तो आपला नाहीं.” मग कोणाचा, असें विचारण्याची छाती आमच्यापैकीं कोणाची झाली नाहीं. १९७८ साली शेवटच्या दुखण्यांत त्यांनीं ती गोष्ट एकट्या आमच्या मातोश्रींस, म्हणजे आपल्या सुनेस सांगितली; आणि मातोश्रींनीं ती चाळीस वर्षांहून अधिक काळ पोटांत ठेविली.

गोष्ट अशी. १९३८-३९ च्या सुमाराचा उन्हाळा. कचेरी सुटल्यावर कारकून मंडळी पाय मोकळे करावयास जात. साहेबांच्या गोल्फच्या मैदानाच्या कडेनें एक वाट होती. आंत जाण्याची मनाई कोठें लिहून ठेविलेली नव्हती. परंतु ज्यांस कधीं आंत बोलावलेंच जात नाहीं, त्यांच्यासाठीं पाटी लावावी लागत नाहीं. एके सायंकाळीं आजोबा एकटेच त्या वाटेनें चालले असतां एक पांढरा चेंडू घरंगळत येऊन झाडाखालीं त्यांच्या पायाशीं थांबला. असला चेंडू त्यांनीं हातांत कधीं धरिला नव्हता. कुतूहलानें उचलला, फिरवून पाहिला. आणि इतक्यांत पावलें वाजलीं म्हणून गोंधळून कोटाच्या खिशांत टाकला. दोन साहेब आणि काठ्यांची पिशवी घेतलेला एक पोरगा शोधीत शोधीत आले. एका साहेबानें विचारलें, चेंडू पाहिलात काय? आजोबांच्या तोंडून “नो सर” निघून गेलें. एकदां निघालेला शब्द मागें कसा घ्यावा? साहेबांनीं झुडपें धुंडाळलीं. एकानें घड्याळ काढून पाहिलें. मग दुसरा साहेब कांहीं न बोलतां वळला आणि आला त्या वाटेनें पार लांबवर, जेथून निघाला होता तेथपर्यंत, एकटाच चालत गेला. एका चेंडूपायीं हा मनुष्य एवढा माघारी कां गेला, हें आजोबांस कळलें नाहीं. आणि तें कोडें, मातोश्री सांगतात, त्यांस शेवटपर्यंत टोंचत राहिलें.

ही गोष्ट आम्हांस कळली ती दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळींत. आमचा पुतण्या बंगळूरास नोकरीस आहे. तेथें तो हा खेळ शिकला. फराळाच्या वेळीं तो मोठ्या उत्साहानें खेळाचे नियम सांगत होता. चेंडू हरवला तर शोधण्यास तीन मिनिटें मिळतात. २०१९ पूर्वीं पांच मिळत. तेवढ्यांत न सांपडला तर एक फटका दंड, आणि शिवाय जेथून मारला त्या जागीं परत जाऊन पुन्हां मारावयाचा. हें ऐकतांच मातोश्रींच्या हातांतील वाटी खालीं आली. त्या म्हणाल्या, “म्हणजे मामंजींच्या एका शब्दापायीं त्या माणसाला शिक्षा झाली.” आणि मग सारी हकीकत सांगून त्यांनीं निर्णय दिला: चेंडू परत केला पाहिजे. ज्याचा त्यास देतां येत नसेल, तर जेथून उचलला तेथें ठेवून यावयाचा.

आमच्या घरांत मातोश्रींच्या निर्णयावर अपील चालत नाहीं. धाकट्या बंधूंचे एक स्नेही लष्करांतून निवृत्त झालेले. त्यांच्या खटपटीनें मैदानावर जाण्याची रीतसर परवानगी मिळाली आणि आम्ही नऊ माणसें दोन मोटारींतून निघालों.

यवतमाळाहून नागपूर सुमारें दीडशें किलोमीटर. तेथून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया अशी वाट आहे. राज्याची सरहद्द सावनेराच्या पुढें ओलांडली, तरी सौंसराकडे दुकानांतून, पाणवठ्यावर मराठी कानीं पडतच राहते. १९५६ ची रेघ नकाशावर जेवढी ठळक दिसते तेवढी माणसांच्या बोलण्यांत दिसत नाहीं. परासियाच्या आसपास कोळशाच्या खाणी. तामियास घाटाच्या तोंडाशीं उभें राहिलें, कीं खालीं दरीवर दरी निळी होत गेलेली दिसते. आमच्या जिल्ह्यांतील जंगल सागाचें. ती ओळखीची रुंद, खरखरीत पानें वाटेनें सोबत करीत होतीं. मटकुलीहून शेवटचा चढ चढून आम्ही वर आलों, आणि हळूहळू झाडांची जात बदलली. सरळ, उंच, चकचकीत पानांचे साल वृक्ष दिसूं लागले. साग आणि साल हीं दोन मोठीं अरण्यें जेथें एकमेकांस भेटतात, असें हें पठार आहे. दक्षिणेचें झाड आणि उत्तरेचें झाड येथें शेजारीं नांदतात. आमच्या वहिनी म्हणाल्या त्याप्रमाणें, सासर-माहेर एकाच अंगणांत!

पचमढी समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतीन हजार फूट उंच आहे. बशीसारखें पठार, आणि काठावर धूपगड, महादेव, चौरागड अशीं शिखरें. धूपगड सुमारें १,३५० मीटर, म्हणजे अवघ्या सातपुड्यांत उंच. इंग्रजांपैकीं कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा १८६२ साली येथें आला आणि त्यानें आपल्यासाठीं बांधलेलें ‘बायसन लॉज’ अजून उभें आहे. इंग्रजी पुस्तकांत पचमढीचा ‘शोध’ त्याच्या नांवावर मांडिलेला असतो. हा मोठा गमतीचा शोध म्हणावयाचा; कारण कोरकू आणि गोंड लोक येथें पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि वऱ्हाडांतील यात्रेकरू महादेवाची वाट मुळींच विचारीत नव्हते. पुढें येथें छावणी झाली, देवालयें होतीं त्यांच्या शेजारीं चर्चें झालीं, बंगले झाले. आज येथें लष्कराच्या शिक्षण विभागाचें मोठें केंद्र आहे; भोंवतालचें अरण्य १९९९ साली संरक्षित जीवावरण क्षेत्र ठरलें, आणि २००९ साली युनेस्कोनें त्यास आपल्या जागतिक यादींत घेतलें.

आणि मैदान? दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तेथें पोंचलों तेव्हां दंव अजून उतरावयाचें होतें. हिरव्यागार गालिच्याची कल्पना मनांत धरून गेलेल्या आमच्या मुलांची प्रथम निराशाच झाली. पावसावर वाढलेलें, मार्गशीर्षांत पिंवळें पडूं लागलेलें गवत. मधूनमधून मोठीं झाडें. जमिनीचा सौम्य चढउतार. आणि या सर्वांच्या मागें डोंगरांची निळी भिंत. मातोश्रींनीं पहिला प्रश्न विचारला, “इतक्या गवताला पाणी कुठून आणतात?” हा प्रश्न यवतमाळच्या माणसाचा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यांत आमच्या गांवचीं निळोणा आणि चापडोह हीं दोन्ही धरणें आटलीं, तेव्हां टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लावलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. घरांत भांडीं विसळलेलें पाणी तुळशीस जात होतें. ज्यास रोज उपसून पाणी द्यावें लागतें असलें मखमली मैदान पाहून आम्हांस आनंद झाला असता कीं नाहीं, कोण जाणे. पण पिंवळें गवत पाहून मातोश्रींच्या कपाळावरची आठी गेली. “हें बरं आहे,” त्या म्हणाल्या, “आपल्या रानासारखंच आहे.”

खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या विटीदांडूचा हा दूरचा भाऊ. लहानशा खुंटीवर चेंडू ठेवून काठीनें मारावयाचा. मग तो जेथें पडेल तेथून पुन्हां मारावयाचा, आणि अखेर दूरच्या निशाणाखालील एका खळग्यांत टाकावयाचा. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या घरच्या फुलपात्राच्या तोंडापेक्षां फारसा मोठा नाहीं. पूर्ण खेळांत असे अठरा खळगे. लहान मैदानावर नऊच असतात, मग तेथें दोन फेऱ्या करावयाच्या. ज्याचे फटके कमी तो जिंकला. बरोबर चौदापर्यंत काठ्या नेतां येतात. लांब पल्ल्यास एक, वाळूच्या खड्ड्यांतून चेंडू बाहेर काढण्यास निराळी, शेवटच्या अलगद टोल्यास निराळी. चेंडूवर बारीक खळ्या असतात त्या शोभेसाठीं नव्हेत. पूर्वीं चेंडू गुळगुळीत असत. पण वापरून चरे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षां लांब जातो, असें खेळणारांच्या ध्यानीं आलें. चेंडूच्या अंगावर खळ्या असल्या म्हणजे हवा त्यास अधिक काळ चिकटून वाहते, आणि मागें ओढणारा भोंवरा लहान होतो. अंगावर चार ओरखडे आल्यावांचून लांब जातां येत नाहीं, हें तत्त्व माणसांसहि लागूं आहे असें आमच्या अण्णांचें मत पडलें.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. १४५७ साली तेथील राजानें यावर बंदी घातली होती, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून याच्याच नादीं लागली! अभ्यास सोडून खेळणाऱ्या मुलांची तक्रार एवढी जुनी आहे, हें वाचून आमच्या वाचकभगिनींस थोडा धीर येईल. हिंदुस्थानांत कलकत्त्यास १८२९ साली क्लब निघाला. तो ब्रिटनबाहेरील सर्वांत जुना. मुंबईस १८४२ साली निघाला. पुढें साहेब जेथें जेथें थंड हवेसाठीं डोंगर चढला, तेथें तेथें तो काठ्या घेऊन चढला: काश्मिरांत गुलमर्ग, सिमल्याजवळ नालदेहरा, आणि आमच्या प्रांतापुरती पचमढी. डोंगरावर हवा विरळ असते, म्हणून चेंडू मैदानी मुलखापेक्षां थोडा लांबहि जातो. साहेबांस आणखी काय हवें?

परंतु या खेळाची एक बाजू आम्हांस ठाऊक नव्हती, ती त्या सकाळीं ठाऊक झाली. मैदान एवढें लांबरुंद, कीं प्रत्येक खेळाडूमागें पंच उभा करणें शक्य नाहीं. बहुतेक वेळां खेळाडूच आपला पंच, आणि आपल्या चुकीचा साक्षीदारहि तोच. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्स या प्रख्यात खेळाडूचा चेंडू फटक्यापूर्वीं किंचित् हलला. दुसऱ्या कोणी पाहिलें नव्हतें. त्यानें स्वतःच सांगून एक फटका दंड लावून घेतला. चार फेऱ्यांअंतीं तो बरोबरींत राहिला आणि निर्णायक खेळांत हरला. तो एक फटका त्यानें सांगितला नसता, तर विजेतेपद त्याचेंच होतें.

पुतण्याबरोबर काठ्यांची पिशवी उचलण्यास तेथलाच एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. काटक, कमी बोलणारा. चेंडू सुटला रे सुटला, कीं त्याची नजर त्याबरोबर जाऊन पडत्या जागेवर खिळे. त्यास पाहून निवृत्त अधिकारी म्हणाले कीं या पोरांस कमी लेखूं नये. आणि त्यांनीं दोन नांवें सांगितलीं. दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या उचलून वाढलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, आणि १९९३ साली पुन्हां जिंकला. कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया. त्यानें तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदां जिंकली. ज्या कडेला आमचे आजोबा उभे होते, त्या कडेवरूनच हीं मुलें आंत आलीं, आणि मधोमध जाऊन उभीं राहिलीं. आपल्याकडील अदिति अशोक ही मुलगी तर २०२१ साली झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकांत चौथी आली. तें पदक अगदीं थोडक्यांत हुकलें.

खेळ सुरू झाला. पुतण्याचे पहिले दोन खळगे बरे गेले. त्याचे स्नेही-अधिकारी हातचें राखून खेळत होते, आणि आम्ही बाकीची मंडळी लग्नाच्या वरातीप्रमाणें मागून चाललों होतों. मातोश्रींसाठीं एक घडीची खुर्ची बरोबर होती. दर खळग्यापाशीं ती मांडली जाई, आणि त्या बसून एकेक फटक्यावर अभिप्राय देत.

तिसऱ्या खळग्याच्या वेळीं पुतण्यानें जोरांत मारलेला चेंडू उजवीकडे वळला आणि झाडांच्या रांगेंत शिरला. सहज सांपडेल असें वाटून त्यानें खबरदारीचा दुसरा चेंडू मारून ठेविला नाहीं. आम्ही सारेच शोधूं लागलों. वाळलेलीं पानें, उंच गवत, दगड. अधिकाऱ्यांनीं घड्याळ पाहिलें. एक मिनिट, दोन मिनिटें, तीन. “संपली वेळ,” पुतण्या म्हणाला. आणि त्यानंतर फार तर अर्ध्या-पाऊण मिनिटानें तो मुलगा एका बुंध्यामागून ओरडला, “मिल गई, साहब!” चेंडू स्वच्छ जागीं पडला होता, तेथून निशाण समोर दिसत होतें. अधिकारी हंसून म्हणाले, “खेळ, खेळ. आपण सारे घरचेच आहोंत. येथें कोण स्पर्धा चालली आहे?”

पुतण्यानें चेंडू उचलून खिशांत टाकला, मान हलवली, आणि कांहीं न बोलतां तो माघारी चालूं लागला. दोन-अडीचशें पावलें तरी असतील. पिंवळ्या गवतांतून तो एकटाच, पाठमोरा, हातांत काठी घेऊन चालला होता.

“तो परत कां चाललाय?” मातोश्रींनीं विचारलें.

आम्हीं सांगितलें, कीं वेळ संपल्यावर सांपडलेला चेंडू हा हरवलेलाच धरतात. आतां दंड घेऊन त्यास पहिल्या जागेवरून पुन्हां मारावें लागेल.

मातोश्री बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मामंजींनीं पाहिलं तें हेंच.”

आम्हीं त्या गोष्टीचा विचार आजवर नेहमीं आजोबांच्या बाजूनें केला होता: एका गरीब कारकुनाची भीति, साहेबाचा दरारा, तोंडून सुटलेला शब्द. तें सारें खरेंच होतें. ज्या मैदानाच्या कडेलाच उभें राहावयाचें, त्यावरची एक वस्तु क्षणभर हातीं आली आणि ती सोडवेना, यांत आजोबांचा दोष किती आणि त्या काळाचा किती, हें तोलणें आम्हांस अजून साधत नाहीं. परंतु त्या दुसऱ्या माणसाची पाठ आम्हीं कधीं पाहिली नव्हती. राज्य त्याचें होतें, मैदान त्याचें होतें. खिशांतून दुसरा चेंडू काढून गुपचूप टाकला असता, तर त्या कारकुनाची त्यास ‘नाहीं’ म्हणण्याची काय प्राज्ञा होती? तरीहि तो माघारी चालत गेला. आजोबांस चाळीस वर्षें टोंचलें तें चेंडूची चोरी नव्हे. आपल्या खोट्या शब्दाचा दंड दुसरा मनुष्य खरेपणानें भरीत आहे, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें; त्याचा अर्थ कळला नाहीं, तरी त्याचें ओझें कळलें होतें.

पुतण्याचा तो खळगा अर्थातच फार महागांत गेला. त्यानें आपल्या कार्डावर आंकडा लिहिला, आणि अधिकाऱ्यांनीं मुकाट्यानें सही केली.

मग पितळी डबी निघाली. अधिकाऱ्यांनीं जुना चेंडू आणि पुतण्याचा नवा चेंडू तळहातावर शेजारीं शेजारीं धरिले. जुना किंचित् लहान होता. आम्हांस वाटलें, वर्षांनीं आकसला असेल. पण कारण निराळेंच निघालें. त्या काळीं ब्रिटिश नियमांत सुमारें ४१ मिलिमीटर व्यासाचा चेंडू चालत असे, अमेरिकेंतील ४२.७ मिलिमीटरचा मोठा चेंडू सर्वत्र सक्तीचा झाला तो १९९० साली. अधिकारी म्हणाले, “आई, अशा जुन्या वस्तु आतां फारशा दिसत नाहींत. काचेच्या कपाटांत ठेवूं या. खालीं चिठ्ठी लावूं.”

मातोश्री म्हणाल्या, “कपाटांत तो आमच्याकडेहि ऐंशी वर्षं होताच कीं.”

यावर कोणास बोलतां आलें नाहीं. आजोबांचें झाड कोणतें, हें आतां कोण सांगणार? वाट बदलली असेल, झाडेंहि बदललीं असतील. मैदानाच्या कडेला एका जुन्या सालाच्या बुंध्याशीं मातोश्री खुर्चीवरून उठून, वहिनींचा हात धरून गेल्या, आणि वांकून त्यांनीं तो चेंडू गवतांत ठेवला. नमस्कार वगैरे कांहीं केला नाहीं. कचेरींतील कागद ज्या फाईलचा त्या फाईलींत लावावा, तसा तो ठेवला.

तो मुलगा बाजूस उभा राहून पाहत होता. त्यानें विचारलें, “दादी, यह किसकी है?”

मातोश्रींनीं आपल्या वऱ्हाडी हिंदींत सांगितलें, “एक साहब की थी, बेटा. वो बहुत ढूँढ रहा था.”

“अब?”

“अब जिसको मिलेगी, उसकी.”

मुलानें एकदां चेंडूकडे पाहिलें, एकदां मातोश्रींकडे पाहिलें. पण उचलण्यास तो वांकला नाहीं. आम्ही गेल्यावर त्यानें काय केलें, हें पाहण्यास आम्ही थांबलों नाहीं. तें आतां त्याच्याकडे आणि मैदानाकडे होतें.

दुपारीं आम्ही महादेवाच्या गुहेंत गेलों. चौरागड चढणें मातोश्रींस शक्य नव्हतें. तरुण मंडळी वर जाऊन आली, आणि त्रिशूळांच्या राशी पाहून थक्क होऊन उतरली. गुहेंत गारवा होता, खडकांतून पाणी ठिबकत होतें. मातोश्री बराच वेळ हात जोडून बसल्या. काय मागितलें, तें आम्हीं विचारलें नाहीं. संध्याकाळीं धूपगडावरून सूर्य सातपुड्याच्या रांगांत बुडतांना पाहिला. एकामागून एक डोंगर निळे, मग जांभळे, मग काळे होत गेले. आणि खालीं पठारावर, झाडींच्या मधें, मैदानाचा तो पिंवळा तुकडा सर्वांत शेवटीं विझला, असें आम्हांस वाटलें.

यवतमाळास परत आल्यावर रिकामी डबी पुन्हां फडताळांत जावयाची होती. मातोश्रींनीं पुतण्यास हांक मारली आणि त्याचें तें कार्ड मागून घेतलें. त्यावर तिसऱ्या खळग्यापुढें दंडासह एक लांबलचक आंकडा होता. त्यांनीं चष्मा लावून तो नीट वाचला, कागदाची लहान घडी केली, आणि डबींत ठेवून झांकण लावलें. आमच्या घरांतील लहान मुलांनीं आतां ती डबी मागितली, तर आतां ‘तो आपला नाहीं’ असें कोणास म्हणावें लागणार नाहीं.